भिंतीच्या पायथ्याशी वाट ठेवा

गेल्या जूनमधली गोष्ट. पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री वीज गेली, म्हणून टॉर्च घेऊन मी दारापुढच्या रस्त्यावर आलो. शेजारच्या जागेला त्याच उन्हाळ्यात नवं कंपाउंड झालं होतं. चिऱ्यांची भिंत, दोन्ही अंगांनी सिमेंटचा गिलावा, छातीएवढी उंची. त्या भिंतीच्या कडेनं एक मोठा बेडूक चालला होता. विणीच्या दिवसांत नर पिवळाजर्द होतो, तसा पिवळा. थोडं पुढे सरकायचा, भिंतीला तोंड टेकवायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. पलीकडच्या शेतातून बाकीच्यांचं डरांव डरांव ऐकू येत होतं आणि याला तिथं जायचं होतं. भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभरही फट नव्हती. शेवटी मी त्याला उचललं, वळसा घालून शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून गेलो आणि शेतात सोडलं. सकाळी त्याच भिंतीसमोर तीन बेडूक चाकाखाली चिरडलेले दिसले.

तेव्हापासून "घराच्या बागेत पक्षी, फुलपाखरं यावीत म्हणून काय करू?" असं कोणी विचारलं की मला ती भिंत आठवते. विचारणारा चांगल्या मनानं विचारत असतो. दाणे ठेवायची थाळी कुठे टांगावी, लाकडी घरटं कुठे मिळेल, कुठली फुलझाडं लावावीत हे त्याला हवं असतं. माझं म्हणणं असं की गोव्यात जीवांना बोलवावं लागत नाही. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्याचा सुमारे पाचवा हिस्सा अभयारण्यांत आणि मोल्याच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. सत्तरीपासून काणकोणपर्यंत सह्याद्री आपल्या पाठीशी उभा आहे. त्याच्या कुशीतल्या गावांत जीव येतच असतात. आपण त्यांना वाट किती ठेवतो एवढंच आपल्या हातात आहे, आणि ही बाब आता एकेका घराच्या हौसेवर सोडून चालणार नाही. पंचायतीनं बांधकामाचा परवाना देताना विचारायची ही गोष्ट आहे.

आपलं जुनं घर आठवून पाहा. घराला लागून अंगण, शेणानं सारवलेलं, मधोमध तुळशीवृंदावन. तिथे पडलेलं पानसुद्धा सकाळी उचललं जायचं. अंगणापलीकडे परस. त्यात केळी, नीरफणस, शेवगा, कढीपत्ता, भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं एखादं झाड, विहिरीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू. परसाच्या कडेला गडगा नाहीतर वई, म्हणजे न लिंपलेल्या दगडांची रचाई किंवा निर्गुंडी, अडुळसा, मोगली एरंड यांची झुडपं. वईपलीकडे झाडांचं भाट, सुपारी-नारळाचं कुळागर, नाहीतर शेत. उंबऱ्यापासून रानाकडे जावं तशी जमिनीवरची माणसाची पकड सैल होत जायची. सापाला अंगणात यायला आडोसा नव्हता आणि परसात राहायला कुणाची हरकत नव्हती. कुणी निसर्गप्रेमापोटी आखलेली ही रचना नव्हती. पिढ्यान् पिढ्या राहता राहता ती ठरत गेली होती.

आता नव्या घरांचं अंगण थेट कंपाउंडपर्यंत पसरलंय. सगळीकडे पेव्हर, मध्ये लॉनचा तुकडा, कडेनं बाहेरून आणलेले शोभेचे ताड. सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांत हे सर्रास दिसतं, पण दोष फक्त बाहेरून आलेल्यांवर टाकणं मला पटत नाही. आमच्याच गावात, आमच्याच माणसांनी आजोबांचा गडगा काढून सिमेंटची भिंत बांधली आहे, कारण ती नीटनेटकी दिसते, कारण हद्दीचे वाद मिटतात, कारण गडग्यात साप राहतो अशी भीती असते. यातलं प्रत्येक कारण समजण्यासारखं आहे. पण त्या भिंतीबरोबर काय गेलं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

गडग्याच्या फटीत सापसुरळ्या राहत, पाली अंडी घालत. आमच्या जुन्या न्हाणीच्या भिंतीत न चावणाऱ्या बारीक मधमाश्यांचं घर होतं. चिऱ्याच्या भोकातून मेणाची एक काळपट नळी बाहेर आलेली असायची आणि तिच्या तोंडावर माशीहून लहान अशा त्या माश्या ये-जा करायच्या. आजी त्या नळीला हात लावू देत नसे. तुळशीच्या मंजिऱ्यांवर, नारळाच्या पोयीवर, दुधी-भोपळ्याच्या फुलांवर त्याच दिसायच्या. न्हाणी पाडून टाइल्स लावल्या तेव्हा ते भोक बुजलं. आज तशी नळी पाहायची म्हटलं तर मला शेजारच्या वाड्यावरच्या एका पडक्या घरापर्यंत जावं लागतं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो रोयणीसाठी. वारुळाला आपण रोयण म्हणतो, आणि गोव्यातल्या कितीतरी गावांची ग्रामदेवता सातेरी ही मुळात रोयणीच्या रूपातच पुजली जाते. देवळाच्या गाभाऱ्यात जिला आपण फुलं वाहतो, ती आपल्या परसात उगवली की तिच्यावर औषध ओततो. वाळवी घराच्या वाशांना लागते हे खरं, आणि लाकडाला लागलेली वाळवी काढलीच पाहिजे. पण परसाच्या टोकाला, फणसाच्या बुंध्याशी असलेली रोयण बहुधा घराकडे येत नाही. ती पडलेलं लाकूड, सुकलेलं पान खाते आणि त्याची माती करते. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी तिच्यातून पंखवाल्या वाळव्यांचा धूर निघावा तसा थवा निघतो. ती संध्याकाळ ज्यानं पाहिली नाही त्याला परस म्हणजे काय ते कळणं कठीण. कोतवाल, वेडे राघू, पाकोळ्या, कावळे, बुलबुल सगळे एकाच वेळी त्या दहा-वीस हात जागेवर तुटून पडतात. पक्षी झोपायला गेले की खाली बेडूक आणि भेक तोंड उघडून बसलेले असतात, दिव्याशी पाली जमलेल्या असतात. कुठल्याही थाळीवर एवढी पंगत बसलेली मी पाहिलेली नाही.

आणि जुलैच्या सुमाराला याच रोयणीवर अळमी उगवतात. ही अळमी वाळवीच्या घरातल्याच बुरशीची. वाळवी ती बुरशी आपल्या घरात जोपासते आणि पावसात तिला वर छत्री येते. म्हणून ती कुठल्या शेडमध्ये पिकवता येत नाही. रस्त्याच्या कडेला पानात बांधून बसलेल्या बायकांकडून आपण मागतील तेवढे पैसे मोजून घेतो. ज्या घरात ती शिजते, त्या घरानं आपल्या परसातली रोयण ठेवली असेल का, हा विचार दर जुलैला माझ्या मनात येतो.

फुलपाखरांचंही असंच आहे. रोपवाटिकेतून लाल-पिवळ्या फुलांची कुंडी आणली की त्यावर फुलपाखरं येतात. पण मध प्यायला आलेलं फुलपाखरू पाहुणं असतं. ते आपल्या परसातलं तेव्हा होतं जेव्हा त्याची अळी तिथं वाढते, आणि अळी हवं ते पान खात नाही. लिंबू आणि कढीपत्ता यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती मोठी होऊन हिरवी होते, आणि मग तिचं काळं देखणं फुलपाखरू होतं. निलवंत, ज्याला महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू केलं, तोही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतो. बहाव्यावर पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. रुईवर पट्टेदार अळी असते. पाऊस सुरू झाल्यावर आपण ज्या तायकिळ्याची भाजी करतो, त्याच तायकिळ्याच्या पानांवर पिवळी चिमुकली फुलपाखरं अंडी घालतात. आंब्यावरचं बांडगूळ आपण काढून टाकतो आणि झाडाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, पण हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराची अळी त्या बांडगुळावरच जगते. एखादी फांदी ठेवली तर आंबा मरत नाही. आणि सह्याद्रीतलं सर्वांत मोठं फुलपाखरू, सदर्न बर्डविंग, ईश्वरीच्या वेलीवर वाढतं. ही वेल पूर्वी वईवर आपोआप चढलेली असायची. वई गेली, ईश्वरी गेली, आणि कुळागरात अंगावरून पक्ष्यासारखं तरंगत जाणारं ते फुलपाखरू आता वर्षातून मोजून दोन-चारदा दिसतं.

म्हणून पानाला भोक पडलं की फवारणीचा पंप काढणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की थोडं थांबा. शिंजीर मध पितो, बुलबुल फळं खातो, पण दोघंही लहान पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्या भरवतात. अळी नसलेल्या बागेत घरटं टिकत नाही.

इथे देशी आणि परदेशी झाडांचा वाद लगेच उभा राहतो, आणि त्यात गोव्याच्या माणसानं जरा जपून बोलावं. काजू, पपई, पेरू, सीताफळ, अननस, मिरची ही सगळी अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात इथे आलेली. आज काजूच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, बोंडू वटवाघळं आणि उदमांजरं खातात, पपईवर कुटुरगे बसतात. चारशे-पाचशे वर्षांत ही झाडं इथल्या जिवांच्या ओळखीची झाली. उलट रानमोडी आणि घाणेरी यांच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड असते, पण ती ज्या डोंगरउतारावर पसरतात तिथं दुसरं काही उगवू देत नाहीत. तेव्हा झाडाचा जन्मदाखला पाहण्यापेक्षा त्याच्यावर कोण जगतं आणि त्याच्याखाली काय मरतं ते पाहावं. लॉनच्या बाबतीत या दोन्हींचं उत्तर मला निराश करतं. त्याला पाणी, खत, तणनाशक, मशिनची कातर सगळं लागतं आणि त्यावर मुंग्यासुद्धा फार दिसत नाहीत.

पातेऱ्याबद्दल, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांबद्दल थोडं सांगायलाच हवं. मार्च-एप्रिलमध्ये गावोगाव पातेरा लोटून पेटवतात. त्या ढिगाखाली बारीक किडे, गोगलगायी, गांडुळं आणि काजव्यांच्या अळ्या असतात. काजव्याची अळी गोगलगायी खाते. मे संपताना भाटात काजवे दिसत नाहीत म्हणून आपण मुलांना कुठल्यातरी घाटात घेऊन जातो, तेव्हा त्या मार्चमधल्या आगीची आठवण ठेवावी. रात्रभर जळणारे कंपाउंडचे फोकसही तितकेच कारण आहेत. काजवे उजेडानंच एकमेकांना खुणावतात, आणि आपल्या दिव्यात त्यांची खूण बुडून जाते. हिवाळ्यात आमच्या फणसाखाली पाचोळा उलटत फिरणारा नवरंग येतो. कस्तुरही तसाच पान उचलून खाली पाहतो. स्वच्छ झाडलेल्या जमिनीवर हे दोन्ही पक्षी उतरत नाहीत.

मात्र सत्तरीच्या रानकडेच्या गावांना मी हेच जसंच्या तसं सांगणार नाही. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात माकडतापाची साथ आली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडांमुळे पसरतो आणि त्या गोचिडा पाचोळ्यात असतात. जिथं माकडं मरून पडलेली आढळतात तिथं पातेरा घराजवळ साठवणं धोक्याचं आहे. काजूच्या दिवसांत रानात जाणाऱ्यांनी अंग झाकून, गोचीड न चढेल असं तेल लावून जावं, मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं. सगळ्या गावांना एकच नियम लावता येत नाही, म्हणूनच निर्णय गावाच्या पातळीवर व्हायला हवा असं माझं मत आहे.

आता खाऊ घालण्याविषयी. मी स्वतः हे केलं आहे. दहाएक वर्षांपूर्वी पडवीच्या कडेला मी रोज तांदळाच्या कण्यांची थाळी ठेवत असे. पहिले काही दिवस मुनिया आल्या, चिमण्या आल्या, फार आनंद झाला. मग पारवे आले आणि बाकीच्यांना बसू देईनात. रात्री सांडलेल्या कण्यांवर उंदीर आले. उंदरांमागून एक धामण आली, सहा-सात फुटांची, पूर्ण बिनविषारी. माझ्या नकळत ती शेजाऱ्यांच्या मागल्या दारी गेली आणि त्यांनी भीतीनं ती मारली. त्यांना मी दोष देऊ शकलो नाही. घरात लहान मूल होतं, आणि धामणीला त्यांच्या दारापर्यंत नेणारी थाळी माझी होती. दुसऱ्या दिवशी मी ती काढून टाकली. त्या जागी आता मातीचं उथळ भांडं आहे, त्यात पाणी. दर दोन दिवसांनी ते ओतून, घासून पुन्हा भरायचं. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा तरी लागतो, त्यामुळे एवढी काळजी घेतली तर डेंग्यूची भीती नाही. एप्रिलमध्ये त्या भांड्यावर दयाळ आंघोळ करतो, दुपारी खार येते, रात्री कोण येतं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण सकाळी भांड्याच्या काठावर ओल्या मातीचे बारीक पंजे असतात.

माकडांना खायला घालणं तर गुन्हा मानलं पाहिजे अशा मताचा मी झालो आहे. चोर्ला घाटात, अनमोड घाटात गाड्या थांबवून लोक केळी आणि वेफर्स टाकतात. माणसाच्या हातातलं खाणं सोपं असतं हे एकदा कळलेला कळप पुन्हा रानात शोधत बसत नाही. तो खालच्या वाड्यांत उतरतो, माडावरची शहाळी पाडतो, केळीचा लोंगर हिरवा असतानाच संपवतो. फोटो काढणारे निघून जातात आणि भुर्दंड कुळागरवाल्याला पडतो. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याची साखळीही अशीच. कचऱ्यावर कुत्री पोसली जातात, कुत्र्यांमागून बिबट्या गावात येतो, आणि मग पिंजरा लावा अशी मागणी होते.

कुळागरवाल्यांची बाजू मला इथे मोकळेपणानं मांडायची आहे, कारण परसात बसून पक्षी पाहणाऱ्या माझ्यासारख्याचं आणि सुपारी-नारळावर घर चालवणाऱ्याचं गणित वेगळं आहे. शेकरू माझ्यासाठी दिवस उजळवणारं दर्शन असतं. त्याला ते पाडलेल्या नारळांच्या संख्येत दिसतं. गवा आपला राज्यप्राणी, पण रात्रीत केळीची बाग तुडवून गेला तर त्या माणसाला राज्यप्राण्याचं कौतुक कसं वाटावं? २०१६ मध्ये तर मोरालाही उपद्रवी ठरवण्याची भाषा सरकारी पातळीवर झाली होती. लोक संतापले, योग्यच होतं, पण त्या मागणीमागचा शेतकऱ्याचा वैताग खोटा नव्हता. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली पाहिजे. ती मिळत नसेल तर "वन्यजीवांना जागा द्या" असं त्याला सांगायचा अधिकार आम्हा पगारदारांना नाही. त्याच वेळी हेही खरं की डोंगरउतारावरच्या प्लॉटना भिंती पडल्यावर प्राण्यांची वाट बंद होत नाही, ती वळते. आणि वळते ती जिथं अजून भिंत नाही तिथं, म्हणजे कुळागरात. बंगल्याच्या भिंतीचा खर्च बंगलेवाला करतो, तिचं नुकसान खालचा शेतकरी सोसतो.

सापांची भीती हा या विषयातला सगळ्यात खरा अडथळा आहे. नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही गोव्यात आहेत आणि भीती अनाठायी नाही. पण परस सिमेंटचं केल्यानं साप कमी होत नाहीत, त्यांचे शत्रू आणि भक्ष्य यांचा तोल तेवढा बिघडतो. साप येतो उंदरासाठी. उंदीर येतो उघड्या धान्यासाठी, कोंबड्यांच्या दाण्यासाठी, कचऱ्यासाठी. उंदरांना विष घातलं तर ते खाऊन गुंगलेला उंदीर गव्हाणी घुबड उचलतं आणि घुबडच मरतं, जे एकटं वर्षाला शेकडो उंदीर संपवतं. जुनी रीत यावर उत्तर देऊन गेलीय: घराला लागून चार हात अंगण कोरडं, मोकळं, उजेडात. लाकडं, नारळाच्या करवंट्या, चिरे भिंतीला टेकवून ठेवायचे नाहीत. रात्री बाहेर जाताना टॉर्च हवाच. त्यापलीकडे परस. चावलाच तर मांत्रिकाकडे, गावठी औषधाकडे एक मिनिटही न घालवता इस्पितळ.

परस ही खासगी जागा आहे, पंचायतीनं तिथं नाक का खुपसावं, असं मला एका मित्रानं विचारलं. पण परसावर कायद्याचं लक्ष आधीपासूनच आहे. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं आपल्याच जागेतलं झाड तोडायला परवानगी लागते. २०१६ मध्ये त्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माड वगळला गेला, गोवाभर गदारोळ झाला, आणि २०१७ मध्ये माडाला ते संरक्षण परत मिळालं. म्हणजे आपल्या दारचा माड हा सगळ्या गोव्याचा विषय आहे हे आपण एकदा मान्य केलं आहे. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली आलेल्या १७(२) आणि २०२४ साली आलेल्या ३९अ या, जमिनीचं क्षेत्र बदलू देणाऱ्या कलमांवरून गावागावांत सभा झाल्या, लोक न्यायालयात गेले. भाटांचं आणि शेतांचं रूपांतर रोखायला हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या जागा आधीच वस्तीच्या क्षेत्रात आहेत, त्यांच्यातली माती किती उघडी राहावी हे कुणीच विचारत नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पेव्हरवरून ते पाणी थेट रस्त्यावर जातं, आणि एप्रिलमध्ये त्याच घराची विहीर आटते.

दर जूनमध्ये बेडूक पकडणाऱ्यांच्या बातम्या येतात. जंपिंग चिकन या नावानं त्यांची तंगडी ताटात येते. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशानं १९८७ मध्ये बंद केली, पकडणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वनखात्याची पथकं रात्री गस्त घालतात. हे चाललंच पाहिजे. पण एखाद्या वाडीत जेवढे बेडूक पिशवीत जातात त्याहून जास्त भिंतीच्या कडेला चाकाखाली जात असतील, आणि त्याची तक्रार घ्यायला कुठलंही खातं नाही.

मग पंचायतीनं काय करावं? कंपाउंडचा परवाना देताना भिंतीच्या तळाशी ठरावीक अंतरावर वीतभर रुंदीची भोकं असावीत अशी अट घालावी. त्यातून पावसाचं पाणी जाईल, बेडूक जाईल, मुंगूस जाईल, घोरपड जाईल. चोर जाणार नाही. शक्य तिथं भिंतीऐवजी वई किंवा सुका गडगा करणाऱ्याला शुल्कात सवलत द्यावी. प्लॉटचा काही भाग उघड्या मातीचा ठेवणं बंधनकारक असावं. जुनं झाड, विशेषतः वड, पिंपळ, उंबर, भेरला माड, तोडण्याआधी त्यावर घरटी-ढोल्या आहेत का ते पाहावं. धनेश मोठ्या जुन्या झाडाच्या ढोलीतच अंडी घालतो आणि एका रानातून दुसऱ्या रानाकडे जाताना मधल्या गावांतल्या उंबरांवर उतरतो. सत्तरीतल्या निरंकाराच्या रायीसारखी देवराई टिकायची तर तिच्यातली बीजं घेऊन उडणाऱ्या पक्ष्याला मध्ये विसावा लागतो, आणि तो विसावा आपल्या परसात असतो. वठलेली फांदी घरावर पडणार नसेल तर ठेवावी. शेवग्याच्या मेलेल्या फांदीत तांबट भोक करतो, पुढच्या वर्षी तेच भोक दुसऱ्या कुणाच्या कामी येतं.

आणि पाहणं. मला वाटतं परसातल्या जिवांकडे पाहण्यालाही सार्वजनिक कामाचा मान मिळायला हवा. "स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स" या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींची स्थिती तपासली आणि १७८ जाती तातडीनं जपायला हव्यात असं निघालं. त्यामागे सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदी आहेत, आणि त्यांतले अनेकजण आपापल्या घराभोवती पाहणारी साधी माणसं आहेत. दर फेब्रुवारीत परसातले पक्षी मोजण्याचा जागतिक उपक्रम होतो. त्यात एका जागी पंधरा मिनिटं बसून दिसेल ते मोजायचं एवढंच असतं. सोप्यावर बसून कोणीही ते करू शकतं. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक पंचायतीला समिती नेमायला आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना मांडली तेव्हा गावच्या माणसाला जे माहीत असतं ते गावच्या दप्तरात यावं हा तिचा गाभा होता. आपल्या बायका चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर रानातली फळं-फुलं बांधतात त्या चौकटीला, कांगलां कुठल्या डोंगरावर मिळतील, फागलां यंदा कुठल्या वईवर आली आहेत हे पाठ सांगतात. ती नोंदवहीच आहे, फक्त लिहिलेली नाही. एकदा बाहेरच्या कुणाकडून यादी करून घेऊन ती कपाटात ठेवण्यापेक्षा, शाळेतल्या मुलांनी आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी महिन्यामहिन्याला भर घालावी अशी ती वही हवी. बांधकामाचा अर्ज आला की पंचायतीनं ती उघडून पाहावी.

मी गेली सहा वर्षं एक वही ठेवतो. त्यात फार मोठं काही नाही. दयाळ पहिल्यांदा कधी गायला, अळमी कधी आली, कढीपत्त्यावर अळ्या किती, शिपाई बुलबुलानं कुठल्या कुंडीत घरटं केलं. दोन वर्षं घरटं मांजरानं मोडलं तेही लिहिलं आहे. बेडकांच्या पानावर पहिल्या चार वर्षांत "रात्रभर" असा शब्द आहे, पाचव्या वर्षी "थोडा वेळ". सहाव्या वर्षी त्या तीन मेलेल्यांची नोंद आहे.

जुलैच्या ग्रामसभेत मी भिंतीतल्या भोकांचा विषय मांडला. कुणी हसलं नाही, याचं मला बरं वाटलं. दोघा-तिघांनी आपल्याही दारापुढे बेडूक मरतात असं सांगितलं, एका बाईंनी सापाचं विचारलं आणि त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी लेखी द्या, असं सांगण्यात आलं. मी लेखी दिलं आहे, सोबत वहीतली बेडकांची पानं जोडली आहेत. शेजारच्या नव्या मालकांनाही भेटलो. ते ऐकून घेत होते, मग उठून भिंतीपाशी आले आणि म्हणाले, "दाखवा, कुठे चालत होता तो." मी जागा दाखवली. पावसाळा संपला की गवंडी येणार आहे, तेव्हा तिथला एक चिरा काढून घेऊ, असं त्यांनी कबूल केलं आहे.